पहिली रांग फाशाने मांडताना: ९६० बुद्धिबळावर वाचकांचे प्रश्न

बुद्धिबळाच्या या सदराकडे या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रकाराबद्दल आहेत: पहिल्या रांगेतले मोहरे सोडत काढून मांडायचे आणि मग नेहमीसारखं खेळायचं. कोणी त्याला ‘चेस ९६०’ म्हणतं, कोणी ‘फिशर रँडम’, हल्ली ‘फ्रीस्टाइल’ही म्हणतात. नाशिकमध्ये या प्रकाराची चौकशी वाढली यात नवल नाही. आपला ग्रँडमास्टर विदित गुजराथी २०२५ मध्ये पॅरिसच्या फ्रीस्टाइल स्पर्धेत खेळला, आणि त्याच वर्षी लास व्हेगासला प्रज्ञानंदने मॅग्नस कार्लसनला याच प्रकारात हरवलं. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात देत आहोत.

प्रश्न: मुलगी तीन वर्षं क्लासला जाते. पहिल्या दहा-बारा चाली धडाधड खेळते आणि समोरच्याने वेगळंच काही केलं की अडते. सरांनी सुट्टीत ‘९६०’ खेळायला सांगितलंय. हे नक्की काय? मोबाइलशिवाय घरी मांडता येईल का? (पालक, गंगापूर रोड)

सरांनी योग्य तेच सांगितलंय. माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने जून १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला हा प्रकार जाहीर केला तेव्हा त्याची तक्रार हीच होती, की पाठ केलेल्या सुरुवातीच डाव ठरवू लागल्या आहेत. त्याने प्यादी जागच्या जागी ठेवली, मोहऱ्यांच्या चाली तशाच ठेवल्या आणि फक्त मागची रांग मोकळी केली. त्यावर अटी दोनच: दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी हवा. काळ्याची रांग पांढऱ्याच्या बरोबर समोरासमोर लागते.

घरी मांडायला लुडोचा एक फासा पुरतो. पट आधी सरळ ठेवा, म्हणजे पांढऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं. मोजायचं ते नेहमी पांढऱ्याच्या डावीकडून, ए१ पासून (उभ्या पट्ट्या ए ते एच, आकडा रांगेचा).

पहिलं दान काळ्या घरातल्या उंटाचं. पहिल्या रांगेत काळी घरं चार: ए१, सी१, ई१, जी१. जितकं दान तितव्या घरात उंट. ५ किंवा ६ पडलं तर पुन्हा टाका. दुसरं दान पांढऱ्या घरातल्या उंटाचं: बी१, डी१, एफ१, एच१, पुन्हा चारच. आता सहा घरं रिकामी राहिली. तिसरं दान वजिराचं, यात सगळे आकडे चालतात. उरलेल्या पाचांतून एका घोड्याचं दान (६ पडलं तर पुन्हा), मग उरलेल्या चारांतून दुसऱ्या घोड्याचं (५, ६ पडलं तर पुन्हा). शेवटी तीन घरं उरतात. त्यांत फासा नको: डावीकडून हत्ती, राजा, हत्ती.

एक उदाहरण पटावर मांडूनच बघा. दानं पडली ३, २, ६, १, ३. पहिल्या ३ ने उंट ई१ वर. २ ने दुसरा उंट डी१ वर. रिकामी घरं ए, बी, सी, एफ, जी, एच; सहावं एच१, तिथे वजीर. राहिली ए, बी, सी, एफ, जी. १ म्हणजे घोडा ए१ वर. राहिली बी, सी, एफ, जी. ३ म्हणजे दुसरा घोडा एफ१ वर. उरलेल्या बी, सी, जी या घरांत हत्ती, राजा, हत्ती. म्हणजे डावीकडून रांग अशी: घोडा, हत्ती, राजा, उंट, उंट, घोडा, हत्ती, वजीर. ही मांडणी तशीच राहू द्या, पुढे दोन-तीनदा लागणार आहे.

९६० हा आकडाही याच क्रमातून येतो. उंटांचे ४ × ४ म्हणजे १६ प्रकार, वजिराचे ६, घोड्यांच्या जोडीचे १० (दोन्ही घोडे सारखेच, म्हणून वीसचे निम्मे). १६ × ६ × १० = ९६०. आपली रोजची मांडणी त्यांतलीच एक.

मांडताना सगळ्यात जास्त चुकतं ते काळ्याचं. काळे घेऊन बसलेला खेळाडू स्वतःच्या डावीकडून तोच क्रम लावत जातो आणि रांग उलटी पडते. मांडून झालं की वजिराकडे बघा: दोन्ही वजीर एकाच उभ्या पट्टीत समोरासमोर नसतील तर काळ्याची रांग चुकली आहे. सोपा उपाय म्हणजे काळ्याचा मोहरा पांढऱ्याच्या मोहऱ्याकडे बघून लावायचा, क्रम आठवून नाही.

प्रश्न: फाशाऐवजी आठ मोहरे पिशवीत घालून एकेक काढले आणि मांडत गेलो तर? (सातपूर)

चालेल, पण चिकाटी लागेल. आठ मोहरे कसेही लावले तर ५०४० वेगवेगळ्या रांगा होतात आणि त्यांतल्या ९६० च नियमात बसतात. म्हणजे पाचांतल्या चार वेळा तरी रांग मोडून सगळं पुन्हा पिशवीत टाकावं लागणार. लोक इथेच कंटाळतात आणि ‘हा उंट शेजारी सरकवू, झालं’ असं करतात. तसं केलं की सगळ्या मांडण्यांना सारखी संधी राहत नाही. काही पुन्हा पुन्हा येतात, काही क्वचितच. फासा पाच-सात दानांत काम संपवतो.

प्रश्न: सोसायटीच्या स्पर्धेत राजा एफ१ वर आणि हत्ती जी१ वर होता. एकाने पहिल्याच चालीला दोघांची अदलाबदल केली आणि ‘किल्लेकोट झाला’ म्हणाला. वाद झाला. खरं काय? (पंचवटी)

त्याचं बरोबर होतं. या प्रकारात जेवढे वाद होतात त्यांतले बहुतेक किल्लेकोटावरून (कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) होतात, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

राजा आणि हत्ती सुरुवातीला कुठेही असोत, किल्लेकोट झाल्यावर ते रोजच्याच घरांत येऊन बसतात. जी बाजूचा किल्लेकोट केला की राजा जी१ वर, हत्ती एफ१ वर. सी बाजूचा केला की राजा सी१ वर, हत्ती डी१ वर. काळ्याचं तेच आठव्या रांगेत. ‘राजा दोन घरं सरकतो’ हे वाक्य इथे विसरायचं. राजा पाच घरं जाईल किंवा जागचा हलणारही नाही.

अटी अशा. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत. राजाच्या वाटेतली आणि मुक्कामाची घरं, तसंच हत्तीच्या वाटेतली आणि मुक्कामाची घरं रिकामी हवीत. या दोघांनी एकमेकांच्या वाटेत असणं मात्र चालतं. राजाला शह लागलेला नसावा आणि तो ज्या घरांवरून जातो किंवा जिथे थांबतो तिथे शत्रूचा मारा नसावा. हत्तीवर किंवा हत्तीच्या वाटेवर मारा असला तरी हरकत नाही.

तुमच्या उदाहरणात राजा एफ१ वरून जी१ वर गेला, हत्ती जी१ वरून एफ१ वर आला, मध्ये तिसरं कोणी नाही. पहिल्या चालीलाही वैध. करावा का, हा वेगळा प्रश्न. आमच्या मते घाई नको, समोरचा आपले मोहरे कुठे रोखतो ते दिसू द्या.

आता वरच्या मांडणीकडे या. राजा सी१, हत्ती बी१ आणि जी१. सी बाजूच्या किल्लेकोटात राजा हलतच नाही. बी१ वरचा हत्ती राजावरून उडी मारून डी१ वर जातो. त्यासाठी डी१ वरचा उंट तेवढा बाहेर यायला हवा. उलट जी बाजूला राजाला सी१ वरून थेट जी१ गाठायचं आहे, म्हणून डी१, ई१, एफ१ तिन्ही रिकामी हवीत आणि त्या तिन्हींवर व जी१ वर मारा नको. एक बाजू एका चालीच्या तयारीत, दुसरी निदान तीन मोहरे काढल्यावर. मांडणी बघताना हा हिशोब पहिल्या मिनिटाला करून ठेवावा.

याच मांडणीत एक सापळाही आहे, रोजच्या बुद्धिबळात तो कधी येत नाही. समजा ए१ वरचा घोडा निघून गेलाय आणि काळ्याचा हत्ती ए१ वर येऊन बसलाय. तुमचा बी१ वरचा हत्ती मध्ये असल्यामुळे राजाला शह नाही. पण किल्लेकोट केला की तोच हत्ती डी१ वर जातो, आडोसा उडतो आणि सी१ वरच्या राजाला शह बसतो. किल्लेकोट अवैध. वाट मोकळी, राजाला शह नाही, एवढंच बघून खेळाडू फसतात. चाल पूर्ण झाल्यावर राजा शहात राहतो का, हेही बघावं लागतं.

हाताने कसं करायचं? राजा उचलून पटाबाहेर, त्याच्या मुक्कामाच्या घराजवळ ठेवा. मग हत्ती त्याच्या घरात न्या. मग राजा आत घ्या. फिडेनेही (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) हीच पद्धत सुचवली आहे. शिवाय हात लावण्याआधी ‘किल्लेकोट करतोय’ असं मोठ्याने सांगा. कारण राजा एफ१ वर आणि हत्ती एच१ वर असेल तर राजाला जी१ वर ठेवणं ही साधी चालही असू शकते. समोरच्याला कळणार कसं? त्याने लगेच घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं तर दोष त्याचा नाही. मोबाइलवर हीच अडचण बहुतेक ॲप वेगळ्या रीतीने सोडवतात: राजा ओढून स्वतःच्याच हत्तीवर सोडायचा.

प्रश्न: रोजच्या बुद्धिबळात मी बऱ्यापैकी खेळतो, पण ९६० मध्ये सातव्या-आठव्या चालीलाच प्यादं नाहीतर हत्ती गमावून बसतो. सुरुवातीला बघायचं काय? (इंदिरानगर)

जोर बघा, म्हणजे कोणत्या मोहऱ्याला मागून कोणाचं संरक्षण आहे ते. रोजच्या मांडणीत प्रत्येक प्याद्याला मागून निदान एका मोहऱ्याचा जोर असतो, त्यामुळे पहिल्या चालींत त्याची काळजी करायची आपल्याला सवयच नसते. ९६० मध्ये बऱ्याच मांडण्यांत एखाददुसरं प्यादं सुरुवातीपासूनच बिनजोराचं असतं. घड्याळ सुरू व्हायच्या आधी आठही प्याद्यांवर बोट ठेवून ‘याला जोर कोणाचा?’ असं विचारत जा.

वरचीच मांडणी घ्या. बी२ ला हत्ती आणि राजा, सी२ ला घोडा, राजा आणि उंट, डी२ ला राजा, उंट, घोडा. ई२ ला एकट्या डी१ च्या उंटाचा, एफ२ ला एकट्या ई१ च्या उंटाचा. जी२ ला हत्ती आणि वजीर, एच२ ला वजीर आणि घोडा. राहिलं ए२. ते पूर्ण उघडं. समोर काळ्याचं ए७ तसंच.

आता पांढरा १. एफ४ खेळतो आणि पुढच्या चालीला ई१ चा उंट एफ२ वर आणतो. एफ२ वरून ई३, डी४, सी५, बी६ अशी तिरपी वाट थेट ए७ पर्यंत जाते. प्यादं जाईल एवढ्यावर भागत नाही: ए७ वर पोचलेला उंट बी८ च्या हत्तीवर मारा करतो, आणि त्या हत्तीला हलायला घरच नाही. एका बाजूला स्वतःचा घोडा, दुसऱ्या बाजूला राजा, पुढे प्यादं. बी६ खेळून उंट कोंडला तरी तो हत्ती मारूनच जातो.

बहुतेक नवखे इथे ए७ चं प्यादं ए६ वर सरकवतात. प्यादं वाचतं, पण उंट रिकाम्या ए७ वर येतो आणि हत्ती तसाच अडकलेला. बरोबर उत्तर म्हणजे वाट मध्येच बंद करणं: प्यादं बी६ वर, किंवा कोपऱ्यातला घोडा ए८ वरून बी६ वर. घोड्याची चाल आम्हाला जास्त आवडते, कारण कोपऱ्यात निजलेला मोहरा कामाला लागतो आणि हत्तीला ए८ हे घर मिळतं.

जोर मोजून झाला की कोपरे बघा. उंट कोपऱ्यात असेल तर शेजारचं बी किंवा जी प्यादं एक घर सरकवताच त्याला पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट मिळते. वजीर कोपऱ्यात असेल तर तीच गोष्ट, पण मोह आवरा. वजीर लवकर उघडा पडला की हलके मोहरे (उंट, घोडे) त्याला हाकलत स्वतः बाहेर येतात. घोडा कोपऱ्यात असेल तर त्याला बाहेर पडायला दोनच घरं असतात, त्यांतल्या एकावर आपलंच प्यादं उभं असतं. राहिलेल्या घरात स्वतःचं प्यादं नेऊन ठेवू नका, ही चूक फार वेळा दिसते.

एवढं सगळं बघायला वेळ लागतो, म्हणून घड्याळ सुरू करण्याआधी तीन-चार मिनिटं दोघांनी नुसता पट बघावा. पाच मिनिटांचे झटपट डाव शिकताना टाळा.

प्रश्न: माझ्याकडे सोळा पट आणि बत्तीस मुलं. सगळ्यांना एकच मांडणी द्यायची तर फळ्यावर काय लिहू? आणि सुरुवात कोणत्या मांडणीने करू? (बुद्धिबळ शिक्षक, सिडको)

क्रमांक लिहा. प्रत्येक मांडणीला ० ते ९५९ मधला एक क्रमांक ठरलेला आहे. रोजची मांडणी ५१८ वी. क्रमांकावरून रांग काढणं म्हणजे तीन भागाकार. वर घेतलेली मांडणी २८१ वी आहे, तिच्यावरच करून दाखवतो.

२८१ ला ४ ने भागा: भागाकार ७०, बाकी १. ही बाकी पांढऱ्या घरातल्या उंटाची; ० म्हणजे बी१, १ म्हणजे डी१, २ म्हणजे एफ१, ३ म्हणजे एच१. तर उंट डी१. आता ७० ला ४ ने भागा: भागाकार १७, बाकी २. ही काळ्या घरातल्या उंटाची. ए, सी, ई, जी याच क्रमाने ०, १, २, ३. तर उंट ई१. १७ ला ६ ने भागा: भागाकार २, बाकी ५. डावीकडून रिकाम्या घरांना ० पासून आकडे दिले तर ५ म्हणजे शेवटचं, एच१, तिथे वजीर. शेवटचा भागाकार २ हा घोड्यांचा. उरलेल्या पाच घरांना १ ते ५ म्हटलं तर घोड्यांच्या जोड्या अशा: ० म्हणजे १-२, १ म्हणजे १-३, २ म्हणजे १-४, ३ म्हणजे १-५, ४ म्हणजे २-३, ५ म्हणजे २-४, ६ म्हणजे २-५, ७ म्हणजे ३-४, ८ म्हणजे ३-५, ९ म्हणजे ४-५. आपला २, म्हणजे पहिलं आणि चौथं घर: ए१ आणि एफ१. सहावी-सातवीच्या मुलांकडूनच हे करून घ्या, गणिताचा तास वेगळा लागणार नाही.

सुरुवातीला सोडत काढूच नका. पहिल्या दिवशी ५२४ द्या: त्यात फक्त उंट आणि घोडे यांची अदलाबदल असते, राजा आणि हत्ती रोजच्याच जागी, त्यामुळे किल्लेकोट ओळखीचा. तिथे बी आणि जी पट्टीतली प्यादी बिनजोराची आहेत. ती मुलांनाच शोधू द्या. नंतर ५३४: सगळं रोजचंच, फक्त राजा डी१ वर आणि वजीर ई१ वर. इथे सी बाजूला राजा एकच घर सरकतो आणि जी बाजूला तीन, म्हणजे किल्लेकोटाचा नवा नियम हाताखालून जातो. मग फासा. रोजच्या मांडणीतला किल्लेकोट ज्या मुलांना अजून विचार करून करावा लागतो, त्यांना मात्र थोडं थांबवा.

प्रश्न: आमच्या घरी देशी पद्धत होती. प्यादं एकच घर चालायचं, शेवटच्या घरात पोचलं की त्या पट्टीचा मोहरा व्हायचा आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. नातवाबरोबर ९६० तसं खेळता येईल का? (ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड)

स्पर्धेत नाही, तिथे प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं आणि शेवटी वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी हवं ते होतं. घरी मात्र खुशाल खेळा. राजाला घोड्याची चाल दिलीत तर किल्लेकोटाची गरजच उरत नाही, आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये हवा ही अट तर किल्लेकोटासाठीच आहे. ती काढली की ९६० ऐवजी २८८० मांडण्या होतात. फक्त ‘त्या पट्टीचा मोहरा’ म्हणजे रोजचा की आज मांडलेला, हे डावाआधी नातवाशी ठरवून घ्या. आमचं मत विचाराल तर आज मांडलेला. मग वजिराच्या पट्टीतल्या प्याद्याला सुरुवातीपासूनच वेगळी किंमत येते.

प्रश्न: डाव लिहून कसा ठेवायचा? पांढऱ्याला जास्त फायदा मिळत नाही का? रेटिंग वाढतं का? (देवळाली कॅम्प)

कागदावर सगळ्यात वर मांडणीचा क्रमांक किंवा रांग लिहा, नाहीतर आठवड्याने तो डाव कोणालाच मांडता येणार नाही. जी बाजूचा किल्लेकोट ०-०, सी बाजूचा ०-०-०. राजा किती घरं गेला याचा त्याच्याशी संबंध नाही.

काही मांडण्यांत पांढऱ्याला रोजच्यापेक्षा जास्त पुढाकार मिळतो, हे खरं. म्हणून एका मांडणीवर दोन डाव खेळा, दुसऱ्यात रंग बदलून. घरगुती स्पर्धा भरवणाऱ्यांनी तर हे धरूनच वेळापत्रक करावं: दहा खेळाडूंच्या साखळीत ४५ ऐवजी ९० डाव होतील, म्हणून एक दिवस पुरणार नाही.

रोजच्या बुद्धिबळाच्या रेटिंगमध्ये हे डाव धरले जात नाहीत. आणि डाव संपल्यावर संगणकावर तपासणार असाल तर आधी प्रकार ‘चेस ९६०’ निवडा, मगच मांडणी भरा. साध्या प्रकारात भरलीत तर पहिल्या किल्लेकोटालाच तो चाल चुकीची आहे म्हणून अडेल.